मधला मजला

खुर्ची पहिल्यांदा खाली गेली तेव्हा कुलगुरू अजून सगळ्यांचं स्वागतच करत होते. फार नाही, चारेक बोटं. पण म्हाताऱ्याला ती सबंध मजल्याएवढी वाटली. जन्मभर लिफ्ट चालवलेल्या माणसाला आपण खाली निघालो हे डोळ्यांआधी तळपायांना कळतं. त्याचा हात आपसूक उजवीकडे गेला, जिथे एके काळी लिफ्टचा पितळी दांडा असायचा, आणि तिथे आता शेजारच्या निवृत्त न्यायाधीश बाईंचा पाण्याचा ग्लास होता. ग्लास हेलकावला, पण सांडला नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ग्लास उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला आणि पुन्हा कुलगुरूंकडे बघायला लागल्या. खुर्ची काळी, मऊ, चाकांची, गोल फिरणारी. खाली एक खटका होता. तो ओढला की ती वर यायची, आणि मग आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं बघून पुन्हा हळूहळू उतरायला लागायची. टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या दिसायला सारख्याच. खचणारी ही एकच, आणि ती नेमकी दाराजवळच्या टोकाला, विद्यार्थी प्रतिनिधीच्या पाटीपुढे. कुणी मुद्दाम ठेवली असेल असं त्याला वाटलं नाही. मोडक्या वस्तू आपापल्या पायांनी अशा जागी चालत येतात, हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं होतं.

विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर विद्यार्थी प्रतिनिधी तोच. वय अडुसष्ट, संध्याकाळच्या वर्गात बी.ए.चं दुसरं वर्ष, गुडघे दोन्ही नापास. दिवसाच्या मुलांना निवडणुकीत रस नव्हता आणि संध्याकाळच्यांना घर गाठायची घाई होती, तेव्हा कुणीतरी गमतीत त्याचं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी हसत हसत हात वर केले. कुणीतरी म्हणजे नर्सने. ती सरकारी इस्पितळातली सकाळची पाळी संपवून यायची, पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची आणि दुसऱ्या तासाला प्राध्यापकांच्या चुका काढायची. ‘काका, तुम्हाला काय, दिवसभर रिकामेच असता,’ ती म्हणाली होती. ‘रिकामा? मला मान खाजवायला वेळ नाही.’ ‘मग तिथे जाऊन खाजवा. चहा-बिस्किटं देतात म्हणे.’ त्या वेळी सगळा वर्ग हसला होता, तोही हसला होता. पण गेल्या आठवड्यात बैठकीचे विषय हातात पडले तेव्हा कुणी हसलं नाही. अगदी शेवटचा विषय होता: येत्या वर्षापासून संध्याकाळचे वर्ग बंद करावेत, उरलेल्या विद्यार्थ्यांनी दिवसाच्या वर्गांत सामावून जावं. सामावून जावं. जसं काही हे सगळे लोक दिवसा घरी लोळत पडलेले होते. नर्सला पदवी मिळाली की वॉर्डाची प्रमुख होता येणार होतं, आणि पदवीला एकच वर्ष उरलं होतं. तिचं, त्याचं, सगळ्या वर्गाचं.

तिने मग चौकशी केली. ती चौकशी करते म्हणजे नाडी बघितल्यासारखी करते, समोरच्याला कळत नाही. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ‘नीट ऐका. बोलून काही होणार नाही. तुम्ही एकटे, ते सगळे एका बाजूला. पण हे लोक जेवण झालं की एकेक करून सटकतात. दर वेळी. शेवटच्या विषयापर्यंत कसेबसे आठ-नऊ जण उरतात. आठाच्या खाली गेले की गणपूर्ती मोडली, बैठक संपली, ठराव राहिला. पुढची बैठक प्रवेश उरकल्यावर. म्हणजे आपल्याला वर्ष मिळालं. कळलं?’ ‘कळलं.’ ‘काय कळलं?’ ‘जेवायचं आणि उठायचं.’ ‘अहो, शेवटच्या विषयाला उठायचं! आधी नाही. बाकीचे किती उरलेत ते बघायचं आणि बरोब्बर वेळेला बाहेर यायचं. मी खाली लिफ्टपाशी थांबते.’ मग ती जरा थांबली, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जसं ती पेशंटचं लावत असणार, आणि म्हणाली, ‘आणि काका, तोंड उघडायचं नाही. गोष्टबिष्ट अजिबात नाही.’ ‘मी कधी...’ ‘काका.’ ‘बरं बाई.’

कुलसचिवांनी हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक ‘हजर’. म्हाताऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी आलं आणि त्याने हजेरी वर्गात देतो तशी दिली, जरा मोठ्याने, हात वर करून. टेबलाच्या पलीकडून कुणीतरी हसलं. हसू दे. या एका शब्दासाठीच तर तो गेली दोन वर्षं बस बदलून इथे येत होता. बायको गेली त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. मुलगी ‘बाबा’ म्हणायची, जावई ‘ते’ म्हणायचा, नात काहीच म्हणायची नाही, तिच्या कानांत सतत काहीतरी वाजत असे. वाईट कुणीच नव्हतं. मुलगी जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, आणि तो काही सांगायला लागला की ‘बाबा, थोडक्यात सांगा, मला निघायचंय’ म्हणायची. थोडक्यात. संध्याकाळी साडेपाचला दिवे लागायच्या आधीची जी वेळ असते, जेव्हा बायको गॅलरीत बसून भाजी निवडायची आणि तो तिला दिवसभरातलं खरं-खोटं सांगायचा, ती वेळ त्याच्या अंगावर यायची. त्या वेळेला कुठेतरी जायला हवं होतं. एकदा असाच हिंडत असताना त्याने विद्यापीठाच्या आवारात एका उघड्या खिडकीतून पाहिलं. दमलेली, मोठाली माणसं लहान बाकांवर बसलेली आणि एक बाई त्यांची नावं वाचतेय, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी उत्तर देतंय. दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन आला. या वयात शिकावंसं का वाटलं, असं त्याला पुष्कळांनी विचारलं. खिडकीचं त्याने कुणालाच सांगितलं नाही. प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगितली.

सकाळ गेली. विषय येत होते, जात होते. वसतिगृहाच्या छपराला कोणता पत्रा, पदवीदान समारंभाच्या झग्यांचा रंग, परीक्षेच्या हॉलमधले पंखे. कुलसचिव एक कागद उचलून वाचायचे, कुलगुरू म्हणायचे, ‘काही म्हणणं? नाही? मंजूर,’ आणि डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकवायचे, इस्त्री तापली का बघतात तशी. एकदा झग्यांवरून मात्र खूप वाद झाला, मरून की निळा, आणि जेवणाच्या आधीची सगळी ताकद त्यातच संपली. म्हातारा ऐकत होता आणि उतरत होता. खुर्ची एवढ्या बारीक सुराने सुस्कारे टाकत खाली जायची की प्रत्येक वेळी त्याला वाटायचं आपणच उसासा टाकला. आधी टेबल त्याच्या पोटाला होतं, मग छातीला आलं. दोनदा त्याने खटका ओढून पाहिला. खट्ट असा आवाज झाला आणि कुलगुरू वाक्याच्या मधे थांबले, म्हणून तिसऱ्यांदा ओढला नाही. मग त्याने उतरणं मान्य करून टाकलं. उतरण्यात एक आराम असतो, तो वर जाण्यात नसतो. त्याच्या इमारतीत संध्याकाळी सगळे खाली जायचे तेव्हा लिफ्टमध्ये कुणी बोलत नसे. ओल्या छत्र्यांचा, शाईचा, दिवसभराच्या तोंडांचा वास, आणि सगळ्यांच्या नजरा दाराच्या जाळीतून वर सरकणाऱ्या भिंतीवर. त्या वेळी तोही गोष्ट सांगत नसे. गोष्टी सकाळच्या, वर जातानाच्या. सात मजल्यांची इमारत, म्हणून प्रत्येक गोष्टीचे सात शेवट तयार ठेवावे लागत. तिसऱ्याला उतरणाऱ्याला तिसऱ्याचा शेवट, सातव्यावरच्या बड्या साहेबाला पूर्ण, साग्रसंगीत. दुसऱ्या मजल्यावरची टायपिस्ट एकदा चिडून म्हणाली होती, ‘तुमच्या गोष्टीत सगळे लगेच मरतात.’ ‘त्याला मी काय करू, तुम्ही लगेच उतरता.’ दुसऱ्या दिवसापासून ती सातव्यापर्यंत वर जायची आणि जिन्याने पाच मजले खाली यायची. हे तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे ती एकदाच गेली होती. बायको म्हणायची, ‘तुमच्या गोष्टीला मजले आहेत, जिना नाही.’ म्हणजे काय, हे त्याने तिला कधी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती.

नंतर लिफ्टला बटणं आली. एका सोमवारी पितळी दांडा गेला, स्टूल गेलं, आणि भिंतीतून एक बाई बोलायला लागली. दार बंद होत आहे. दार उघडत आहे. गोड आवाज होता, चूक कधी करायची नाही. त्याला उरलेली वर्षं तळमजल्यावर एका टेबलामागे बसवलं, आल्यागेल्याकडे बघायला. लोक मान हलवून पुढे जायचे, दार लागायचं, आणि आतून, वर जाता जाता, कुणाचाही आवाज येत नसे. त्याला राहून राहून वाटायचं, एवढे मजले ही माणसं न बोलता कशी चढतात? दम नाही लागत?

जेवण बसल्या जागीच आलं, साधंच पण भरपूर होतं आणि जेवल्यावर नर्सने सांगितलं होतं तस्संच व्हायला लागलं. आधी एक डॉक्टर उठले, खांद्यावरून फोन दाखवत, जसा काही फोनच त्यांना ओढून नेतोय. मग एक प्राचार्य पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले आणि ग्लास बाहेरच्या टेबलावर ठेवून नाहीसे झाले. दोघे जण एकमेकांशी काहीतरी महत्त्वाचं कुजबुजत निघाले आणि दाराबाहेर पडताच कुजबूज थांबली. म्हातारा मोजत होता. मोजणं त्याच्या हाडांत होतं. त्याच्या लिफ्टच्या दारावर पाटी असायची, आठ माणसं; नववं चढलं की ती जागची हलायची नाही आणि मग कुणी उतरायचं यावरून सगळे छताकडे बघायला लागायचे. इथे उलटं होतं. इथे आठाला एक कमी पडला की हे सगळं, ही काळी खुर्च्यांची रांग, पाण्याच्या बाटल्या, कुलगुरूंची दोन बोटं, जागच्या जागी अडकून पडणार होतं. आपण कधी एवढे जड होतो असं त्याला आठवेना. या वजनाची त्याला थोडी लाज वाटली आणि थोडी गंमत वाटली, आणि त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून येऊन टेबलावर झोपलं होतं. कुणाचा तरी आवाज प्रयोगशाळेतल्या सिंकबद्दल बोलत होता, बराच वेळ, आणि तो सिंक हळूहळू भरत चालला आहे असं त्याला वाटलं. टेबल आता त्याच्या गळ्याशी आलं होतं. पलीकडून बघणाऱ्याला बहुधा एक पांढरं डोकं तेवढं दिसत असावं, टेबलावर ठेवल्यासारखं.

‘शेवटचा विषय,’ कुलसचिव म्हणाले, आणि तो जागा झाला. नऊ. पुन्हा मोजले. आपल्याला धरून नऊ. आणि नववा, एक कारखानदार, दणकट, दिवसभरात फक्त झग्यांच्या वेळी बोललेला, खांद्याला बॅग अडकवून दारात उभा होता. एक पाय आत, एक बाहेर, आणि कुलगुरूंना डोळ्यांनीच विचारत होता, जाऊ ना? कुलगुरूंनी मान हलवली. ते बरोबरच होतं, तो गेला तरी आठ राहत होते, हिशेब त्यांनाही येत होता. फक्त आठवा माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या टोकाला त्यांना बहुतेक काही दिसतच नव्हतं. कुलसचिव कागद वाचायला लागले. आता. म्हाताऱ्याने टेबलाच्या कडेला हात लावले. उठायचं, पाच पावलं, दार, बस. कुणी विचारलंच तर पोट दाखवायचं. फार दिवसांनी त्याला आपण काहीतरी चालवतोय असं वाटलं. त्याने सगळा भार गुडघ्यांवर घेतला आणि तो उठला, आणि खुर्ची, जिच्या अंगावरचं ओझं दिवसभरात पहिल्यांदाच उतरलं होतं, ती खट्टकन, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशी, वर उसळली आणि त्याच्या कमरेवर येऊन आदळली.

सगळ्यांनी पाहिलं. कुलसचिवांचं वाचन थांबलं. ‘अरे, आजोबा!’ कुलगुरू म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता, दमलेल्या माणसाला मध्येच खिडकी सापडावी तसा. ‘तुम्ही काही बोलायला उठलात का? बोला की. दिवसभर गप्प बसलात. तुमचाच विषय आहे.’ ‘नाही, मी जरा...’ ‘लाजू नका. आम्हालाही कळू दे. मला नेहमी वाटतं विचारावं, या वयात तुम्हाला शिकावंसं वाटलं तरी का?’ न्यायाधीश बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की डोळे केवढे उघडे पडतात. दारातला कारखानदार थांबला, मुद्दाम नाही, कुणी बोलणार म्हटल्यावर पाठ करून जायचं बरं दिसत नाही म्हणून, बॅगेचा पट्टा अंगठ्यात धरून. ‘मला एकटं वाटत होतं’ एवढं म्हणता आलं असतं. पोट दाखवता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं, छोटंसं, दोन घोटांत संपणारं, आणि त्याच्या पलीकडे दार होतं. पण नऊच्या नऊ माणसं, म्हणजे स्वतःला सोडून आठ, त्याच्याकडे तोंड करून होती. एकाच्याही कानात काही वाजत नव्हतं. कुणीही थोडक्यात म्हणालं नव्हतं.

‘त्याचं काय झालं,’ म्हातारा म्हणाला, ‘मी ज्या इमारतीत लिफ्ट चालवायचो, तिचा एक मजला बांधणारा मोजायलाच विसरला होता.’

आपलाच आवाज ऐकून तो थक्क झाला. हा आवाज मेला असेल असं त्याला वाटलं होतं. ‘चौथा आणि पाचवा यांच्या मधला. बाहेरून मोजलेत तर सात मजले, आतून मोजलेत तर आठ. त्याला नंबर नाही, पाटी नाही. जिन्याने गेलात तर लागणार नाही. पण लिफ्ट कधी कधी, वर्षातून एखाद्या वेळी, आपण होऊन तिथे थांबायची.’ कुणीतरी हसलं, चांगलं हसलं. कारखानदाराने बॅग खांद्यावरून खाली काढली आणि हातात धरली. म्हाताऱ्याने ते पाहिलं. तो अगदी नीट पाहत होता, लिफ्टच्या आरशात मागची माणसं बघायची त्याला सवय होती. इथे थांबता येईल, त्याने स्वतःशी म्हटलं. म्हणावं, असो, पुढचं नंतर, आणि निघावं. ‘दार उघडलं की समोर एक ऑफिस. लख्ख. दिवे लागलेले, टेबलं मांडलेली आणि माना खाली घालून माणसं काम करताहेत. काय काम, विचारू नका. कुणी वर बघायचं नाही. मी मुकाट्याने दांडा ओढायचो. पण एकदा पाचव्या मजल्यावरच्या विमा कंपनीतला एक कारकून, काडीसारखा, रोज उशिरा येणारा, धापा टाकत आत शिरला. हातात डबा. थांबली लिफ्ट मधल्या मजल्यावर. मी अहो अहो म्हणेपर्यंत गडी उतरलासुद्धा! उशीर झाला होता ना. मजला बघायला कुणाला वेळ आहे?’ ‘मग?’ असं म्हणालं कोण? न्यायाधीश बाई. हनुवटी तळहातावर ठेवून. ‘मग काय, दार लागलं. मी दिवसभर वरखाली करत राहिलो, तो मजला पुन्हा लागेना. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. विमा कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. बायकोने वाट बघून बघून घर बदललं.’ कारखानदार दारातून आत आला. एक पाऊल, मग दुसरं. जवळची रिकामी खुर्ची त्याने ओढली, तिला चाकं होती, ती आपसूक त्याच्याकडे आली, आणि तो टेकला. टेकला म्हणजे अगदी कडेवर, पण बसला. नर्सने लावलेलं वरचं बटण म्हाताऱ्याच्या गळ्याला रुतत होतं. सगळं कळत होतं त्याला. आणि त्याची जीभ, ती हावरी, लुसलुशीत, अडुसष्ट वर्षांची जीभ, तिला काही म्हणजे काही कळायचं नव्हतं. ती वर निघाली होती आणि मधे कुठेच उतरणार नव्हती. ‘आणि पुष्कळ वर्षांनी, माझे हे केस असे झाल्यावर, एके दिवशी सकाळी लिफ्ट थांबली. चौथ्याच्या वर. दार उघडलं. समोर तोच. तोच शर्ट, तीच धाप. डब्याला हात लावून पाहिला मी, गरम. मला म्हणतो, पाचवा. आणि मग म्हणतो, फार उशीर नाही ना झाला?’

पुढे सातवा मजला होता, साग्रसंगीत शेवट होता, त्याने श्वास घेतला. आणि तेवढ्यात कुलगुरूंनी टाळी वाजवली. ‘वा, आजोबा! वा! अशी माणसं आहेत म्हणून विद्यापीठाला शोभा आहे,’ ते म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले. मग त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली, कारखानदाराकडे, बाईंकडे, उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे, ओठ हलवत. ‘नऊ आहोत. उत्तम. घेऊन टाकू या मग. काही म्हणणं?’ म्हाताऱ्याचा श्वास अजून छातीतच होता. तो दाराकडे वळला. आता तो गेला तरी आठ उरत होते. ‘विरोध,’ तो म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा मेल्यासारखा आला. ‘अर्थातच,’ कुलसचिव मायेने म्हणाले, ‘तुमचा विरोध नोंदवतो, आजोबा.’ कुलगुरूंनी डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकवली.

लिफ्टपाशी सगळे एकदमच आले. सवयीने तो बटणांच्या बाजूला उभा राहिला आणि सवयीनेच लोकांनी त्याला मजले सांगितले. गाड्या दुसऱ्या मजल्यावर लावलेल्या होत्या. दार बंद होत आहे, भिंतीतली बाई म्हणाली. हिला सगळ्या इमारतींमध्ये नोकरी लागली होती. कुणी मानेला हात लावून मान मोडली, कुणी जांभई दिली. आज आपण काही बंद केलं आहे असं कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हतं, ते दमले होते आणि घरी जायला निघाले होते. न्यायाधीश बाईंनी त्याच्या कोपराला हात लावला. ‘मला वाईट वाटलं हं, वर्गांचं,’ त्या हळूच म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘तो पाचव्यावर गेला का पण?’ ‘हो, ते राहिलंच,’ कारखानदार मागून म्हणाला. ‘त्याची खुर्ची होती का तिथे? का त्या दुसऱ्यानेच...’ आता लिफ्ट खाली चालली होती, आणि सगळे, कुणीही भिंतीकडे न बघता, त्याच्याकडे बघत होते. सात शेवट त्याच्यापाशी तयार होते. एकात कारकुनाची खुर्ची जशीच्या तशी होती आणि दौतही वाळली नव्हती; एकात त्याच्या जागी घेतलेला तो दुसरा माणूस स्वतःच म्हातारा होऊन त्याची वाट बघत बसला होता; बायकोला आवडायचा त्यात तो पाचव्यावर जायलाच नको म्हणाला, लिफ्टवाल्याबरोबर खाली आला आणि दोघांनी पायरीवर बसून तो गरम डबा खाल्ला. चौथा गेला. तिसरा गेला. त्याने तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. दार उघडत आहे, भिंतीतली बाई म्हणाली. ‘बरं, पुढच्या बैठकीत सांगा,’ कारखानदार हसत म्हणाला आणि ते सगळे उतरून आपापल्या गाड्यांकडे गेले. पुढच्या बैठकीला तो विद्यार्थीच नसणार होता, हे त्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

उरलेले दोन मजले त्याचे एकट्याचे होते. एवढ्यात काय काय सांगता येतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? खुर्चीचं सांगता आलं असतं, ती कशी उसळली ते, आणि ते खरंही होतं. कुलगुरूंनी कसं बळेच बोलायला लावलं ते सांगता आलं असतं. कारखानदाराला राक्षस करता आला असता. एखादा दहावा माणूस खिडकीतून आला असंही रंगवता आलं असतं आणि वर्ग रडता रडता हसला असता. त्याने एकेक हातात घेऊन पाहिलं आणि ठेवून दिलं. गुडघे दुखत होते. पोट भरलेलं होतं याची त्याला लाज वाटली.

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा नर्स समोरच होती, अंगावर अजून इस्पितळाचा पांढरा कोट, हातात वह्यांची पिशवी. मागे, व्हरांड्याच्या टोकाला, वर्गात दिवे लागले होते आणि बाई नावं वाचायला लागल्या होत्या. ‘उठलात ना?’ ती म्हणाली.

‘उठलो.’

तिचा चेहरा उजळला आणि तसाच राहिला, कारण तो लिफ्टमधून बाहेर येत नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती पेशंटच्या खाटेपाशी असंच, काही न विचारता, बघत असणार. मग तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘कुठली सांगितलीत?’

‘मधल्या मजल्याची.’

‘हं,’ ती म्हणाली. तिने ती गोष्ट दोनदा ऐकली होती, एकदा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. आता तिने मान डोलावली, एखाद्याने पत्ता सांगावा आणि आपल्याला तो माहीत असावा तशी, आणि ती व्हरांड्यातून वर्गाकडे निघाली, भराभर, कारण तिचं नाव लवकर यायचं. त्याच्या पायांशी दार मिटायला आलं, बुटाला लागलं, मागे गेलं, पुन्हा आलं. दार बंद होत आहे. दार उघडत आहे. तिकडे बाईंचा आवाज एकेक नाव उतरत खाली येत होता, नर्सचं आलं आणि तिचं ‘हजर’ ऐकू आलं, मग आणखी कुणाचं, आणखी कुणाचं. मग त्याचं. बाई थांबल्या. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

त्याने तोंड उघडलं. दार बुटाला लागून मागे गेलं.